वळणावर पाय उचलल्याबाबत

माझे नाव व पत्ता वरच्या चौकटीत लिहून घेतले आहेत, ते बरोबर आहेत. वय चौऱ्याहत्तर. शिक्षण चौथीपर्यंत. धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा, तो डोळ्यांमुळे बंद केला आहे. घरी एकटा राहतो.

बोलावल्यावरून ठाण्यात आलो आहे व समक्ष सांगतो की, गेल्या रविवारी सकाळी रोपवाटिकेच्या वळणावर जी लाल गाडी भिंतीवर गेली ती माझी आहे आणि मीच चालवत होतो. गाडी दोन माणसांची, उघड्या टपाची, माझ्या मुलाहून वयाने मोठी आहे. मी ती भंगारातून उचलून उभी केली. तिच्या सीटा माझ्या हातच्या आहेत. गाडी सध्या ठाण्याच्या आवारात उघड्यावर आहे. तिच्यावर काहीतरी टाकावे, अशी माझी विनंती आहे. ही विनंती मी आधी हवालदारांनाही केली आहे.

विचारले असता सांगतो की, गाडीचा मागचा एक्सल मूळचा नाही. मूळच्या एक्सलचे दात झिजले होते आणि तसला दुसरा कुठे मिळेना. आमच्या गल्लीच्या टोकाला ज्याचे गॅरेज आहे त्या मिस्त्रीने एका मोठ्या गाडीचा एक्सल आणला, दोन्ही बाजूंनी कापून आखूड केला आणि माझ्या सांगण्यावरून बसवला. मिस्त्रीने मला फसवून भलताच एक्सल गळ्यात मारला, असे माझ्या मुलाने तक्रारीत लिहिले आहे. तसे झालेले नाही. मुलगा परगावी असतो. अपघातानंतर आला. आत्ता तो बाहेर बाकावर बसला आहे, म्हणून मी हळू बोलत आहे.

एक्सल बदलल्याने काय फरक पडला, असे विचारले. जुन्या एक्सलवर वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडीचे मागचे अंग बाहेर सरकायचे आणि नाक आपोआप आत वळायचे. अर्धे वळण मी हाताने घ्यायचो, अर्धे पायाने. नव्या एक्सलची दोन्ही चाके एकमेकांना धरून ठेवतात. पाय उचलला तरी मागचे अंग सरकत नाही आणि गाडी नाकासमोर चालू लागते. यात खराबी काही नाही, तो एक्सल तसाच असतो. वेग वळणाआधी कमी केला आणि वळणात पाय हलका पण लावलेला ठेवला, तर गाडी पहिल्यापेक्षा शहाण्यासारखी वळते.

मिस्त्रीने हे सर्व मला सांगितले होते. तो म्हणाला, "काका, पुढून ती तुमचीच आहे, मागून आता दुसरीच आहे. वळणात पाय उचलू नका."

मी म्हणालो, "मला शिकवतोस? तू चड्डीत होतास तेव्हापासून चालवतोय मी."

तो म्हणाला, "मग चड्डीतल्या पोराचं म्हणून ऐका. पण ऐका."

मी ऐकणार नाही, असे त्याला वाटले. म्हणून तो दर रविवारी सकाळी बाजूच्या सीटवर बसून येऊ लागला. रोपवाटिकेचे वळण आले की ओरडायचा, "पाय, काका, पाय! भिंत काय सासऱ्याची आहे तुमच्या?" परत येताना आम्ही चहा घ्यायचो. बायको काय बोलली, मुलीला गणितात किती पडले, मेहुण्याने कसे डोके खाल्ले, सगळे तो सांगायचा. हे जबाबात लागत नाही, असे साहेबांनी सांगितले.

एक्सल नीट बसला होता तर मिस्त्रीला दर रविवारी सोबत का बसावे लागले, असे विचारले. मुलाच्या तक्रारीतला मुद्दाही हाच आहे. याचे उत्तर मिळाले नाही तर मिस्त्रीवर गुन्हा दाखल होईल आणि गॅरेजला कुलूप लागेल, असे साहेबांनी सांगितले.

यावर मी पाणी मागितले. ते देण्यात आले.

मी सांगतो की, पाय लावून ठेवायचे मला दुसऱ्याच रविवारी जमले होते. मिस्त्रीला मी ते कळू दिले नाही. कळले असते तर तो यायचा थांबला असता. त्याला संसार आहे आणि सुट्टी ती एकच. म्हणून त्या वळणावर मी मुद्दाम पाय थोडा उचलायचो. तो ओरडला की परत ठेवायचो. असे बरेच महिने चालले. त्यात गाडी एकदाही रस्ता सोडून गेली नाही.

गेल्या रविवारी मिस्त्रीला मेहुण्याकडे जायचे होते. "आज काढू नका, काका. पुढच्या रविवारी जाऊ," असे तो सांगून गेला होता. मी काढली. बाजूच्या सीटचा पट्टा लावून ठेवला होता. नाहीतर कोणी बसलेले नसले की त्याचे बक्कल वाजत राहते. वळणावर पाय आपोआप उचलला गेला. इतक्या रविवारांत त्याला तेच वळण लागले होते. कोणी ओरडले नाही. मी त्या ओरडण्याची वाट पाहिली, असे म्हणता येईल. गाडी सरळ गेली. भिंतीच्या विटा पडल्या, माझे मनगट मोडले. दुसऱ्या कोणाला इजा नाही. पंचनाम्यात चाकांच्या खुणा सरळ आहेत आणि एक्सलचे बोल्ट जागच्या जागी आहेत, ते बरोबर आहे.

माझी मिस्त्रीविरुद्ध काही तक्रार नाही. लायसन्स मी टेबलावर ठेवले आहे. मुलाने गाडी विकायचे ठरवले आहे. त्याबद्दल मला काही सांगायचे नाही.

हा जबाब मिस्त्रीला दाखवतात का, असे मी साहेबांना विचारले. त्याच्यावरचा आळ यावरूनच जायचा आहे, तेव्हा त्याला वाचून दाखवावा लागेल, असे साहेब म्हणाले. मी मुद्दाम पाय उचलायचो एवढे एक वाक्य गाळता येईल का, असे विचारले. ते गाळले तर बाकीच्याला अर्थ राहत नाही, असे साहेब म्हणाले. मी थोडा वेळ मागून घेतला. ते वाक्य राहू द्यावे.

लिहिलेले सर्व मला सावकाश वाचून दाखवले. त्या वाक्याशी आल्यावर साहेबांनी आवाज खाली आणला. मी सांगितले तसेच ते आहे, त्यात फरक नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा देत आहे. मला सही करता येते.