एक्क्याऐंशी नंबरचा कागद

पुरवणी जबाब. गुरुवार, दुपारी १२ वाजून १० मिनिटे.

मी, खाली सही करणारी, वय ५३ वर्षे, धंदा हाताने चित्रे काढून ॲनिमेशनचे लघुपट करणे, राहणार बंदर रस्ता, दवाखान्यामागील इमारत, पहिला मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या थोरल्या बहिणीसोबत राहते. बहीण वय ६१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आम्हा दोघींशिवाय घरात कोणी नाही.

माझा स्टुडिओ म्हणजे गॅरेजच्या वरची एक खोली आहे. जिना बाहेरून असून त्याला बावीस पायऱ्या आहेत. तेथे मी व माझे सहकारी, वय ५८, एकोणीस वर्षांपासून समोरासमोरच्या टेबलांवर काम करतो. हालचालीची मुख्य चित्रे मी काढते, त्यांच्या मधली चित्रे ते भरतात. त्यांना या धंद्यात सगळे खोडरबर म्हणतात.

चार वर्षांपासून आम्ही समुद्राच्या एका गाण्यावर सहा मिनिटांचा लघुपट करत आहोत. गाणे छापलेले नाही. माझे वडील दाढी करताना ते म्हणत असत. त्यात समुद्र प्रत्येक लाटेला विचारतो, तू कोणाच्या दारातून आलीस. लघुपटात ते माझ्या बहिणीच्या आवाजात आहे. एका स्पर्धेसाठी तो उद्या शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत पाठवायचा आहे. त्यानंतर प्रवेशिका घेत नाहीत.

मंगळवारी दुपारी २.३० वाजता मी जेवून स्टुडिओत परतले. कुलूप जागेवर होते. रॅकवरचा शेवटच्या दृश्याचा खोका रिकामा दिसला. त्यात ९६ कागद होते. खिडकी, कॅमेरा, संगणक सर्व ठीक होते. मी तशीच येथे आले व तक्रार दिली. तेव्हा टेबलाशी बसलेल्या महिला हवालदार म्हणाल्या, "संगणक सोडून कागद नेले? चोर अगदीच शिकाऊ दिसतो." मी म्हणाले, चोराला सगळी माहिती आहे. माझा संशय खोडरबर यांच्यावर असल्याचे मी स्वतःहून सांगितले.

संशयाची कारणे मी त्या वेळी दिली ती अशी. श्रेयनामावलीवरून आमचे महिनाभर बिनसले होते. मी त्यांचे नाव 'साहाय्य' या शब्दाखाली घातले होते. ते म्हणाले, "साहाय्य? शेजारणीचा गॅस सिलिंडर उचलून देतात त्याला साहाय्य म्हणतात, बाई." सोमवारी निघताना, "बघतो तुमचा समुद्र माझ्याशिवाय कसा हलतो," असेही ते म्हणाले होते. शिवाय मंगळवारी दुपारी सव्वा वाजता ते मोठी चपटी पिशवी घेऊन जिना उतरताना गॅरेजवाल्यांनी पाहिले होते. किल्ल्या दोनच आहेत, एक माझ्याकडे व एक त्यांच्याकडे, असेही मी सांगितले.

बुधवारी सकाळी ११ वाजता त्यांना येथे बोलावण्यात आले. मी हजर होते. पिशवी सर्वांसमोर उघडण्यात आली. तीत त्यांच्या पत्नीच्या छातीचे एक्स-रे निघाले. सात होते. पहिल्यावरची तारीख आठ महिन्यांपूर्वीची होती. त्यांच्या पत्नी आजारी असल्याचे मला माहीत नव्हते. ते रोज चार वाजता का निघतात हे मी कधी विचारले नव्हते. कामचुकारपणा, असे मी धरून चालले होते.

बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मला विचारले, "बाई, माझं नाव यांनी काढलं की तुम्ही दिलंत?"

मी म्हणाले, "मी."

ते म्हणाले, "बरं."

एवढेच बोलणे झाले. त्यांना दुपारी तीनपर्यंत बसवण्यात आले व पुढील आदेशापर्यंत रोज हजेरीस येण्यास सांगण्यात आले.

आज गुरुवारी सकाळी ८.४० वाजता मी स्टुडिओत गेले असता दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती. तीत आमच्या खोक्यातले कागद होते. कडा दुमडलेल्या नव्हत्या, डाग नव्हता. गठ्ठा दोन पुठ्ठ्यांमध्ये नीट बांधलेला होता.

आमच्या कामाची पद्धत सांगते. कागदांना तळाशी भोके असतात व ते टेबलावरच्या खुंट्यांत बसवतात. पहिला कागद सर्वांत खाली, त्यावर दुसरा, असे रचत जातात. मग गठ्ठा बोटांत धरून खालून वर सोडत गेले की चित्र हलते. हे काम करणारा माणूस झोपेतसुद्धा पहिला कागद वर ठेवणार नाही. खोडरबर तर वाण्याचे बिलसुद्धा खालून वर वाचतात.

मी सवयीप्रमाणे गठ्ठा उचलला व खालून वर सोडला. दृश्य असे आहे की, धक्क्यावर एक माणूस लहान मुलीजवळ उभा असतो, तो चालत बोटीकडे जातो, शिडी चढतो, वर थांबून मागे वळून मुलीकडे पाहतो व आत जातो. आज सकाळी तो आतून बाहेर आला, पाठमोरा शिडी उतरला, मागे मागे चालत धक्क्यावर आला व मुलीजवळ येऊन थांबला. मी ते तीन वेळा केले. मग लक्षात आले की कागद उलटे लावलेले आहेत. एक नंबर सर्वांत वर होता, वहीसारखा.

यावरून माझी खात्री झाली की कागद खोडरबर यांनी नेलेले नाहीत. त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही व मंगळवारी मी सांगितलेला संशय चुकीचा होता.

यावर तपासी अंमलदारांनी विचारले की, मग नेले कोणी. दुसरा खुलासा आल्याशिवाय खोडरबर यांची हजेरी थांबवता येणार नाही, असेही त्यांनी सांगितले. म्हणून पुढील हकीकत सांगते.

किल्ल्या तीन आहेत. तिसरी आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असते. मंगळवारी मी ती सांगितली नाही. आठवली नाही असे मी म्हणू शकते, पण तसे लिहू नये.

वरच्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ९५ हा आकडा असून त्याभोवती गोल केलेला आहे. पेपर तपासून झाल्यावर गुण देतात तसा. म्हणजे परत करणाऱ्याने कागद मोजले व एक कमी असल्याचे लपवले नाही. मी मोजले. ८१ नंबरचा नाही. तो माणूस मागे वळून मुलीकडे पाहतो तो हा कागद. तो चेहरा मी घरातल्या फोटोवरून काढला होता.

गेल्या रविवारी सकाळी ११ वाजता मी बहिणीला या दृश्याचे कच्चे चित्रण, नुसत्या पेन्सिलीच्या चित्रांचे, घरीच, संगणकावर दाखवले होते. ती भाजी निवडत पाहत होती. माणूस वळला तेव्हा तिचा हात थांबला. ती म्हणाली, "बाबा मागे वळले नव्हते." मग ताट उचलून आत गेली.

आमचे वडील ती चौदा वर्षांची व मी सहा वर्षांची असताना बोटीवर कामाला गेले ते परत आले नाहीत. त्या सकाळी ते सगळ्यांना झोपेत ठेवून निघून गेले, धक्क्यावर कोणी गेले नव्हते, असे मला घरात सांगण्यात आले होते. सांगणाऱ्यांत बहीणही होती. धक्क्यावरची मुलगी मी मनाने घातली व माझ्यासारखी काढली. ते वळले नव्हते हे तुला कसे माहीत, असे मी रविवारी विचारले नाही. अद्याप विचारलेले नाही.

मंगळवारी दुपारी जेवताना बहीण म्हणाली, "आज कुठे जात नाही गं, गुडघे धरलेत." जेवल्यावर मी दवाखान्याखालच्या दुकानात पेन्सिली घ्यायला गेले, त्यात पाऊण तास गेला. संध्याकाळी ती दोन्ही गुडघ्यांना मलम चोळत बसली होती. मी विचारले, "ताई, इतकं काय झालं?" ती म्हणाली, "वय झालं." मी येथे तक्रार देऊन आल्याचे सांगितल्यावर तिने विचारले, "कोणाचं नाव घातलंस?" मी सांगितले. त्या रात्री ती जेवली नाही. बुधवारी मी एक्स-रेंविषयी सांगितले, तेव्हा ती उठून देवघराशी नव्हे, माझ्या कपाटाशी गेली व पुठ्ठे कुठे आहेत असे तिने विचारले. मी कशाला म्हणून विचारले नाही.

याहून अधिक मला सांगायचे नाही.

८१ नंबरचा कागद कॅमेऱ्याखाली दीड सेकंद धरायचा होता. आता मी तो पुन्हा काढणार नाही. त्या जागी दीड सेकंद नुसता समुद्र दाखवणार आहे, समुद्राची चित्रे आमच्याकडे भरपूर आहेत. तो भाग बसवायला मला खोडरबर यांची गरज आहे. ते येतील की नाही मला माहीत नाही. त्यांचे नाव मी 'दिग्दर्शन' या शब्दाखाली, माझ्या नावाच्या आधी घातले आहे. हे तक्रार मिटवण्यासाठी केलेले नाही, अशी नोंद घ्यावी.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त त्याच्या शेवटी त्यांनी 'एक कागद चोरीस गेला' असे लिहिले आहे, तेवढे खोडून पुढीलप्रमाणे लिहावे असे मी सांगितले व तसे माझ्यासमोर लिहिण्यात आले:

एक कागद माझ्या बहिणीकडे आहे. तो माझा होता. आजपासून तिचा आहे. चोरी झालेली नाही.

हे वाचून, समजून सही करत आहे.