गुडघ्यावरचा हात

बाई : अहवाल बाजूला ठेव. रेकॉर्डिंग लाव.

धाकटी : अहवालातच सगळं आहे, बाई. आठ वयस्कर माणसांवर गोळ्यांच्या पेटीची चाचणी घेतली. गजर वाजतो, दिवा लागतो, त्या कप्प्यातली गोळी घ्यायची. आठही जणांना जमलं. माझी पद्धत कुठे चुकली का, एवढंच तुम्ही सांगा.

बाई : पद्धत विचारायला तू दोन बस बदलून येणार नाहीस. मी तुला सहा वर्षं ओळखते. कोण गेलं?

धाकटी : शिंपीकाका. आठांतले सहावे. कपडे शिवण्याच्या कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं. हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. विसरायचे, म्हणून तर चाचणीनंतर पेटी त्यांच्याकडेच वापरायला ठेवली होती. सुनेने जाताना भरून ठेवलेले कप्पे तसेच सापडले. एकही उघडला नव्हता.

बाई : सून कुठे गेली होती?

धाकटी : माहेरी. आईचं ऑपरेशन होतं. चार वर्षांत पहिल्यांदा घर सोडलं तिने, बारा दिवस. मुलगा परगावी कामाला. तो रोज फोनवर विचारायचा, गोळी घेतली का? काका हो म्हणायचे. परवा मी भेटायला गेले, तर नणंद आल्यागेल्याला ऐकवत होती, म्हाताऱ्याला मरायला टाकून ही आईच्या कुशीत जाऊन बसली. सून मान वर करत नव्हती.

बाई : आणि तुझी कंपनी?

धाकटी : साहेब म्हणतात, पेटी ठणठणीत आहे, म्हाताऱ्याने घेतल्याच नाहीत तर आपण काय करणार? सोमवारी तीन हजार पेट्या बाहेर पडतील. त्याआधी मी लिहून द्यायचं की चाचणी बिनचूक होती.

बाई : लाव ते. काय दिसतं तेवढंच सांग. का आणि कशामुळे, ते नको. पहिल्या महिन्यात करायचीस तसं.

(रेकॉर्डिंग सुरू होतं.)

धाकटी : काका खुर्चीत बसलेत. पेटी समोर. गजर वाजला. त्यांनी कप्पा उघडला, गोळी काढली. माझ्याकडे बघून हसले.

बाई : मागे घे. गजर वाजला तेव्हा बघत कुठे होते?

धाकटी : खिडकीकडे.

बाई : वाजल्यावर?

धाकटी : खिडकीकडेच.

बाई : मग पेटीकडे कधी वळले?

धाकटी : तीन सेकंदांनी.

बाई : त्या तीन सेकंदांत काय दिसतं?

धाकटी : डाव्या कडेला एक हात येतो. काकांच्या गुडघ्यावर टेकतो. मग काका वळतात.

बाई : सुनेचा?

धाकटी : हो.

बाई : ती खोलीत काय करत होती?

धाकटी : काका बिचकले होते. ती बाहेर गेली की दाराकडेच बघत राहायचे. मला तासभर उशीर झाला होता. म्हटलं, बसू दे शेजारी. मी तिला बजावलं होतं, तुम्ही बोलायचं नाही.

बाई : कुठे बोलली ती? शहाण्यासारखी गप्प बसली की.

धाकटी : त्यापेक्षा चिडा तरी, बाई.

बाई : चिडून मोकळं व्हायचं वय गेलं माझं. दुसऱ्या गजराला काय?

धाकटी : पुन्हा हात. तिसऱ्यांदा नुसतं बोट. मी वीस वेळा पाहिलंय हे.

बाई : पहिल्यांदा कधी पाहिलंस?

धाकटी : अहवाल लिहिताना.

बाई : म्हणजे तेव्हा ते जिवंत होते.

धाकटी : हो. वाटलं, मायेने हात ठेवला असेल. आठपैकी आठ असं कागदावर छान दिसत होतं. 'स्वतः केले' या रकान्यात खूण केली मी. त्यांना विचारलंही होतं, गजर ऐकू येतो ना? हो म्हणाले.

बाई : जन्मभर शिलाईयंत्रांच्या खडखडाटात बसलेला माणूस. तुझा आवाज ऐकू येत असेल, तो बारीक, चिरका गजर कुठला यायला? आणि घरी आलेल्या पाहुणीला नाही कोण म्हणतं? बस. तुला एक सांगायचं राहिलंय. आमच्या वेळी या कामाला धड नावसुद्धा नव्हतं. वह्या घेऊन दारोदार फिरायचो. एकदा नव्या स्टोव्हबद्दल विचारायला गेले. सासू दारात उभी. सून म्हणाली, छान आहे, काही त्रास नाही. बोलताना बाही सारखी मनगटावर ओढत होती. मी 'समाधानी' लिहिलं. पुढच्या वर्षी त्याच स्टोव्हचा भडका उडाला. ती गेली.

धाकटी : मग तुम्ही काय केलंत?

बाई : काही नाही. नोकरी केली. तुझ्यासारख्या पोरींना शिकवलं. तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा; माणूस एकटं असताना विचारा. सगळं घोकून घेतलं तुमच्याकडून. कुठे शिकले ते मात्र गिळून बसले. सांगितलं असतं, तर कदाचित त्या दिवशी तू तासभर थांबली असतीस.

धाकटी : आता काय करू?

बाई : आठपैकी सात लिही. सहाव्याचं आत्ता जसं सांगितलंस, तसंच्या तसं लिही. पेट्या निघायच्या आत दे.

धाकटी : नोकरी जाईल.

बाई : जाईल. घर तुझ्यावर आहे, हेही मला ठाऊक आहे. साहेबाला पाझर फुटेल असं खोटं कशाला सांगू?

धाकटी : एक गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये नाही. निघताना दारात सुनेने मला विचारलं होतं, आईचं ऑपरेशन आहे, मी काही दिवस गेले तर चालेल का हो? मी म्हटलं, निर्धास्त जा. काकांना सगळं जमतंय.

बाई : हे कोणाला माहीत आहे?

धाकटी : तिला आणि मला. परवा नणंद बोलत होती तेव्हा मी तिथेच उभी होते. तिने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी सुटली असती. नाही दाखवलं. आता तिला काय सांगू? काका तिच्या हातावर जगत होते, हे ऐकून आणखी खचेल ती.

बाई : खचेल. पण तुझ्या शब्दावर ती गेली, हे त्या घराला कळायला हवं. आपल्या कामात माणूस एकटं गाठायचं असतं. हे एकटीला गाठून सांगू नकोस. नणंद असेल, मुलगा असेल, तेव्हाच जा.

धाकटी : तुम्ही येता का बरोबर?

बाई : नको. म्हातारी बाई दारात दिसली की ती उठून खुर्ची देईल, माझंच करत राहील. तिला जरा बसू दे.