छतावरून सोळा किलोमीटर

हसणार नसाल तर सांगते. आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागात एका शाळेत गणिताच्या नोकरीसाठी मी डेमो क्लास द्यायला गेले होते. मुलांना विचारलं, "शाळेचं छत वीस मीटर उंच असेल, तर तिथून क्षितिज किती दूर?" फळ्यावर पृथ्वीचं वर्तुळ काढलं, छतापासून स्पर्शिका ओढली, पायथागोरस लावला. उत्तर आलं सोळा किलोमीटर! मुलं एकदम खूश.

मागच्या बाकावरून संचालक म्हणाले, "मॅडम, हमारी छत से तो बगल का टावर चौक भी नहीं दिखता."

"सर, बीच में बिल्डिंगें हैं. ये हिसाब खुले मैदान का है."

"तो फिर काम का क्या पढ़ाया?"

नोकरी त्यांच्या भाचीला मिळाली.

महिन्याभरानं त्यांचाच फोन. "मॅडम, बच्चे वो क्षितिज वाला सवाल रोज़ पूछते हैं. हमारी नई मॅडम को ज़रा आकर समझा देंगी?"

मी फोन ठेवूनच देणार होते, पण आमचे हे म्हणाले, "जाऊन ये गं, ओळख राहील."

गेले. भाचीनं सगळं मन लावून उतरवून घेतलं, चहा पाजला, आणि निघताना अगदी प्रेमानं विचारलं, "दीदी, आप कहीं पढ़ाती क्यों नहीं?"