बारा वेळा ‘नये’

…आणि वर मला म्हणतात, “आजी, जरा हलू द्या ना!” हलू द्या? अहो, चव्वेचाळीस वर्षं हलू दिलं नाही म्हणून तर मार्केट यार्डातल्या निम्म्या गाळ्यांवर माझं अक्षर होतं! वर आडत्याचं नाव, मधे गाळा नंबर, खाली ‘कांदा-बटाटा-लसूण’, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक, ‘कुसुम पेंटर’. मी शिडीवर, खाली हमालांची आरडाओरड, “ओ बाई, शिडी घ्या बाजूला, पोतं येतंय!”, मागून टेम्पोवाला हॉर्नवर बसलेला, आणि तरी माझी शिरोरेघ अशी, की वरून मुंगी चालली तर तिला वाटावं आपण हायवेला लागलो. आणि ही कालची पोरं मला शिकवणार, हलू द्या! रेघ सरळ हवी की नको? तुम्हीच सांगा.

थांबा, पहिल्यापासून सांगते. नाहीतर म्हणाल, म्हातारी नुसतीच ओरडते. ओरडते तर आहेच, पण कारण आहे.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत (म्हणजे मुलाच्या, मी आपली गुलटेकडीची, तो इकडे आला म्हणून आले) लिफ्टशेजारी एक पाटी आहे. ‘लिफ्टमध्ये सायकल नेऊ नये.’ मीच रंगवलीय, चार वर्षं झाली. पाचव्या मजल्यावर स्पृहा नावाची मुलगी राहते. तिनं कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि आली की दार वाजवत. “आजी, तुम्हीच कुसुम पेंटर? ओ माय गॉड! मी रोज तुमच्यासमोर लिफ्टची वाट बघते! आमचं ना एक कलेक्टिव्ह आहे.” म्हटलं, म्हणजे काय गं? तर म्हणे, कुणीही यायचं, सुचेल ते करायचं, चित्र म्हणा, व्हिडिओ म्हणा, बाहुल्या म्हणा, आणि एकमेकांना दाखवायचं. म्हटलं, आणि मग? “मग काही नाही, आजी. दाखवायचं.” नाव काय ठेवलंय, तर ‘उचापती’! निदान नाव तरी खरं ठेवलंय.

गेले एका शनिवारी. क्लब हाऊसमध्ये जमतात. एक आमचे बाळकाका, निवृत्त हेडक्लार्क, नाकावर चष्मा, बोलणं मोजून. हा माणूस महिनाभर रोज दुपारी ठरल्या वेळी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीचा फोटो काढत होता. मी विचारलं, काय बघायचं यात? “सावली सरकते.” म्हटलं, ते माहितीय की सगळ्यांना. “माहितीय. बघितलंय का कुणी?” आता बोला! आणि सगळे फोटो एकामागोमाग लावले, तर ती सावली अशी हळूच सरकत भिंतीला जाऊन टेकली, की मला उगाच वाटलं, दमली बिचारी. दुसरा आफताब. आठवडाभर खराडीला कंप्युटरच्या कंपनीत, आणि शनिवारी इथे. त्याच्या फिल्ममधलं लिंबू टेबलावरून उतरतं, बाजारात जातं, स्वतःचाच भाव विचारतं आणि न पटून परत येतं! तीस वर्षांचा घोडा, चांगली नोकरी, आणि लिंबाला चालवतोय. पण चालवलं होतं छान. खोटं का बोलू?

आता यांचा नवा बेत म्हणजे आमच्या लिफ्टची पाटी. एके दिवशी म्हणे त्या पाटीतला ‘सायकल’ हा शब्द कंटाळून खाली उतरतो आणि सरळ लिफ्टमध्ये शिरतो. आणि ‘नये’ त्याला अडवायला मागे धावतं, लिफ्ट गेलेली, म्हणून जिन्यानं, पाच मजले! मी हसले हो. कारण ‘नये’ म्हणजे हुबेहूब आमचे सेक्रेटरी. तर हे ‘नये’ मी लिहायचं. एकदा नाही, एका सेकंदाला बारा वेळा, बारा कागदांवर, मग आफताब वरून फोटो काढणार, ते भराभर दाखवले की अक्षर चालतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती.

दीड वर्षापूर्वी यार्डात केळीच्या एका गाळ्याची पाटी रंगवत होते. आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, दोरीवर कपडे टांगतो ना, तशी, ही माझी पद्धत. रेघ ओढायला घेतली आणि मधेच हात… काय सांगू, धावत्या टेम्पोत बसून लिहावं तसा. पुसली. परत ओढली. परत तेच. मालकाला म्हटलं, रंग खराब आलाय, उद्या येते. तो उद्या काही उजाडला नाही. घरी सांगून टाकलं, आता सगळे फ्लेक्स लावतात, ब्रशला कोण विचारतंय? आमची सून वैष्णवी म्हणाली, “हो ना आई, जमाना बदलला.” जमाना कसला बदलतोय, हात बदलला! चहा अर्धा कप घ्यायला लागले, म्हणजे सांडत नाही, आणि सगळ्यांना सांगितलं, पित्त होतंय. अहो, मी शाळेचं तोंड बघितलं नाही. गाळ्यासमोर कोथिंबिरीच्या जुड्या विकत बसायचे आणि पेंटर आला की त्याचा हात बघायचे, आणि घरी येऊन खोक्याच्या फळीवर काडीनं, चुन्यानं गिरवायचे. पहिल्यांदा ‘बटाटा’ लिहिलं तेव्हा ते ‘बटाटा’ आहे हेसुद्धा मला दुसऱ्यानं वाचून सांगितलं! आधी रंगवायला शिकले, वाचायला मागाहून. अशा बाईचा हात हलतो हे एकदा लोकांना कळलं, की कुसुम उरते, पेंटर जाते.

म्हणून त्या उचापतींकडे ‘नाही’ सांगायलाच गेले होते. पण टेबलावर बारा पांढरे कागद, नवा ब्रश, काळा रंग, आणि स्पृहा म्हणते, “आजी, जमेल ना?” जमेल ना! मला! म्हटलं, अगं, अख्खी सोसायटी रंगवीन, त्यात काय! तोंड माझं कधीच डगमगलं नाही हो, हाताचंच काय ते.

बसले मग. कोपर टेबलावर दाबलं, डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं, श्वास बंद, आणि ओढली रेघ. सरळ! एका कागदाला पंधरा मिनिटं. मधे मधे आफताब, “आजी, घाई नाही, पण इतकं नीट नकोय बरं का.” म्हटलं, तू तुझा कॅमेरा बघ. तीन तास! मानेचा लाकडी ओंडका झाला, पण बारा ‘नये’ लिहिले, आणि बारा ‘नये’ असे, की एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरा, एकच दिसेल.

आफताबनं फोटो लावले. सगळे पडद्याकडे टक लावून. पडद्यावर ‘नये’. हलत नाही. आफताब म्हणतो, “हँग झालं वाटतं.” बंद केलं, चालू केलं. ‘नये’. ढिम्म! “आजी, माझ्याकडून एकच फोटो बारा वेळा आलाय बहुतेक.” मी म्हटलं, मोज कागद. मोजले. बारा. सगळे फोटो वेगळे, आणि अक्षर तेच. स्पृहा तोंडावर हात ठेवून, “ओ माय गॉड, आजी, तुम्ही प्रिंटर आहात!” आणि बाळकाका चष्मा पुसत, “सावली तरी सरकत होती.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दीड वर्षानं बारा रेघा सरळ! आणि यांची तोंडं उतरलेली! आफताब बिचारा अदबीनं समजावतो, “आजी, रागावू नका, पण अक्षर थोडं थोडं वेगळं आलं तर ते जिवंत वाटतं. म्हणून म्हणतोय, जरा हलू द्या ना.” भडकलेच मी. म्हटलं, चूक करायला शिकवता? रेघ सरळ हवी की नको? तर स्पृहा म्हणते, “नकोय ना, आजी!” चव्वेचाळीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं.

बरं, मुद्दाम हलवून बघितलं. ते आणखी वाईट! शाळेत बाकावर कर्कटकानं कोरतात तसं. “ॲक्टिंग वाटतंय, आजी.” अक्षराची ॲक्टिंग! घ्या!

आणि मग, साडेचार वाजले असतील, माझं मनगट सुटलं. आवळून धरायचं त्राणच नव्हतं. हात आपला आपण निघाला. पहिला कागद, दुसरा, तिसरा… मला थांबायचं होतं, पण थांबले तर कारण सांगावं लागेल, म्हणून लिहीत राहिले, आणि वर तो कॅमेरा एकेक कागद टिपतोय, लपवू कुठे? बारा झाले आणि मी सगळे ओढून पदराखाली घेतले. म्हटलं, हे नकोत, हे खराब आलेत. पण फोटो तर निघाले होते. आफताबनं बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला. ते ‘नये’ धापा टाकत होतं! जिना चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं, कठड्याला धरून, दम खात, आणि तरी ‘सायकल’ला सोडायला तयार नाही. आफताबनं ते परत एकदा लावलं. मग स्पृहा अगदी हळू, “आजी, हे कसं केलंत?”

झालं. थाप मारायला तोंड उघडलं आणि थाप आलीच नाही. म्हटलं, केलं नाही गं. हलतो. माझा हात हलतो. दीड वर्ष झालं. आजार आहे तो, कला नाही.

मी वाट बघतेय, आता कुणीतरी ‘अरेरे’ म्हणणार, पाठीवरून हात फिरवणार, आणि मी उठून जाणार, ते कायमची. आणि आफताब वहीतून डोकं वर काढून काय विचारतो? “आजी, साधारण किती वाजता जास्त हलतो? म्हणजे शूटिंग त्या वेळी लावतो.”

आता बोला! वेळापत्रक आखत होता हो तो माझ्या आजाराचं! आणि बाळकाका, “चारनंतर लाव. मीही तेव्हाच मोकळा असतो.” इतकंच. पुढचे पाच शनिवार बसलो आम्ही, पाचही मजले चढवले त्या ‘नये’ला. उपकार कशाला म्हणतात ते मला या वयात त्या रिकामटेकड्यांनी शिकवलं. मला कुणी बिचारी म्हटलं नाही. कामाला लावलं. शेवटच्या नावांत ‘अक्षर : कुसुम पेंटर’ हेसुद्धा मीच लिहिलं, तसंच, हलत्या हातानं, आणि ते दाखवलं अख्ख्या सोसायटीला, मोबाइलवरही टाकलं. सेक्रेटरी पोट धरून हसत होते, स्वतःला ओळखलं नाही त्यांनी. वैष्णवीनं मात्र पडद्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि म्हणाली, “आई, ते पित्त नव्हतं ना?” दुसऱ्या दिवशी डॉक्टर. ते म्हणाले, “घाबरायचं कारण नाही, वयाचा कंप आहे, एवढ्यासाठी दीड वर्ष का थांबलात?” म्हटलं, तुम्ही पेंटर असता तर कळलं असतं. गोळी दिली.

आणि गोळी लागू पडली! सकाळी घेतली की दोन-तीन तास हात पूर्वीसारखा. मागच्या आठवड्यात लसणाचा आडत्या सुखदेव, त्याचा फोन आला, “कुसुमताई, गाळ्याची पाटी रंगवून द्या.” गोळी घेतली आणि गेले. सकाळी दहाला शिडीवर चढले, श्वास घेतला, रेघ ओढली… सरळ! दीड वर्षानं, यार्डात, सगळ्यांसमोर, सरळ! डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं पेंटर परत आली. खाली उतरले. सुखदेव कमरेवर हात ठेवून पाटीकडे बघतोय, मान एकीकडे, मान दुसरीकडे.

“झकास आहे, ताई. पण ते नातीनं मोबाइलवर दाखवलं ना, धापा टाकणारं अक्षर, तसलं द्या की. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. सरळ काय, सगळेच करतात.”

मी हात पुढे धरून बघितला. एकदा बघितला, दोनदा बघितला. ढिम्म. म्हटलं, सुखदेवराव, तो माल आज शिल्लक नाही.