पस्तीस मिनिटांवरचं माहेर

(फोनवर. लेक विमान चालवते. बाबा घरी, स्वयंपाकघरात, हळू आवाजात.)

बाबा : पस्तीस मिनिटं गं. तूच सांगत फिरायचीस, माझं माहेर पस्तीस मिनिटांवर.

लेक : ते विमानाला, बाबा. मला नाही.

बाबा : विमान तूच चालवतेस ना?

लेक : म्हणून काय अंगणात आणून उभं करू? तिथे उतरलं की अर्धा तास मिळतो. माणसं उतरवा, माणसं चढवा, की परत. विमानतळापासून आपलं घरच पाऊण तास.

बाबा : दोन वर्षं गावात येऊन उंबऱ्याला पाय न लावता परत. शेजारच्यांना सांगतानाही कसंसंच होतं.

लेक : दमलेय हो मी. आज चार फेऱ्या झाल्या. अजून बूट काढले नाहीत.

बाबा : काढ आधी. मी कुठे ओरडतोय? आई झोपलीये आत.

लेक : कशी आहे?

बाबा : आहे तशीच. सकाळी तुझ्या विमानाच्या वेळेला मात्र जागी असते. खाट खिडकीशी लावायला लावते. वरून घरघर गेली की हात करते, आणि मग चार घास खाते. एरवी तोंड उघडत नाही.

लेक : बाबा, एक सांगायचं राहिलंय. त्या विमानावर मी नसते आता. मला दुसरीकडे टाकलंय. महिना होत आला.

बाबा : माहीत आहे.

लेक : कोणी सांगितलं?

बाबा : उतरलीस की मिस्ड कॉल द्यायचीस. तो यायचा थांबला. कधी सांगतेस तेच बघत होतो.

लेक : तुम्हाला वाटायचं ना, रोज भेट होते. तेवढंही काढून घ्यायचं जिवावर आलं. आणि आई?

बाबा : मीच फोन कानाला लावतो. ‘उतरली बरं का’ म्हणतो. कंटाळा आलाय गं रोज खोटं बोलायचा.

लेक : मागचे दोन्ही रविवार मी निघाले होते.

बाबा : मग?

लेक : आम्हा कर्मचाऱ्यांना विमानात जागा उरली तरच फुकट घेतात. दोन्ही वेळा भरलं. बॅग मांडीवर घेऊन बसले, आणि माझंच विमान समोरून उडालं.

बाबा : विकत काढायचं तिकीट.

लेक : सुट्ट्या आहेत, महिनाभर मिळत नाही. बसने घाटातून आठ तास.

बाबा : आठ तर आठ.

लेक : बरं. शनिवारी ड्युटी संपली की बसते. सकाळी पोचेन.

बाबा : विमान जायच्या आत पोच.

लेक : आईने हात केलेला बघायला?

बाबा : हात तिला आता उचलवत नाही गं. मी धरून हलवतो. रविवारी तू धर.