गचका न बसता

दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्यामागं एक निवृत्त मास्तर उभे होते. तेवढ्यात एक तरुणी त्यांच्या मागं येऊन थांबली.

"यज्ञेश्वर सर! वळखलं का?"

"मेहक! अगं, तू मला गाडी शिकवलीस, आन् तुला वळखणार न्हाय व्हय? हिकडं कुठं?"

"अब्बांच्या गोळ्या न्यायच्यात. काकूंचं मणक्याचं ऑपरेशन झालं म्हणं?"

"झालं की. घरी मीच न्हेलं. पेठ वडगावपातुर एक गचका बसला न्हाय. ही मागं चक्क झोपलीती!"

"गिअर टाकताना खाली बघितलं न्हाय न्हवं?"

"छ्या! क्लच तर तू सांगितलास तसाच सोडला. निजलेल्या बाळाच्या मानंखालनं हात काढावा, तसा."

"बेस झालं, सर."

"लई उपकार हाईत तुझं. दोन म्हैनं रोज चौकात गाडी बंद पाडली मी, पर तू एकदाबी वरडली न्हाईस."

"वरडून काय हुतंय?"

"मी तुला वर्गात लई वरडायचो की. सतराच्या पाढ्याला तर रोजच."

"व्हय. तुमी वरडला की पाठ असलेलंबी इसरायची मी. म्हणून तुमच्यावर न्हाय वरडले."

माझी औषधं घेऊन मी खिडकीपासून बाजूला झालो.

"सर, तुमचा नंबर आला."

"आधी तू घे, पोरी. मी थांबतो."