सहा सिलिंडर आणि मागचं शीट

…न्हाय, मला एवढंच सांगा, मोटार कशासाठी असती? माणसांनी बसण्यासाठीच ना? का इंजिनाला घर पाहिजे म्हणून भवतीनं पत्रा ठोकत्यात? सुगीपासनं आमच्या जळोचीच्या शेडात ह्यावर पंचायत चाललीया, तीन माणसं रिकाम्या बॉनेटात डोकी घालून हुबी, तिघांच्या पाठी माझ्याकडं, आणि तुमाला सांगते, त्या पाठींना मी पयल्या दिवसापासनं एकच इचारतीया… बसायचं कुणी?

गाडी आमच्या मालकांची. गोल डोळ्यांची, इंग्रजाच्या काळातली. इंदापूरच्या एका व्यापाऱ्याकडनं त्येनी घेतली ती बाहत्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर. गाडी आली आणि पाऊस गेला. त्यात हिरीवरचं इंजिन मोडलं, मग मालकांनी गाडीचं इंजिन उतरवलं, हिरीवर पट्टा लावून जोडलं, आणि त्यानं बिचाऱ्यानं तळाचं पाणी वढून वढून आमची जनावरं जगवली आणि तितंच जीव सोडला. तवाधरनं गाडी शेडात. तिच्यात कोंबड्या खुडूक बसल्या, मालक गेले, शहाण्णव साल उजाडलं, पर मी काय तिच्यातनं कासराभर बी गेले न्हाय.

आता तुमी म्हणाल, म्हातारीला मोटार कशाला. तर ऐका. माझी थोरली भण बनाबाई, वरकुट्याला दिलेली. गाडी आली तवा ती हितं व्हती. पत्र्यावरनं हात फिरवला आणि म्हणली, "साखरे, ह्यातनं माझ्या दारात उतर, मी तुला ओवाळीन." बास, एवढंच. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, गुडघं गेल्यात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती निरोप येतो, "गाडी कुठवर आली म्हणावं?" काय सांगू? शेडातनं निघतीया अजून?

म्हणून नातू म्हणला, "आज्जे, गाडीत इंजिन बसवू," तवा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तितंच चुकलं, डोळं कोरडं ठेवून आधी इचाराय पाहिजे व्हतं, कसलं इंजिन. यशराज आयटीआय केलेला, त्यानं कुठनं तरी परदेशातल्या गाड्यांचं मासिक आणलं, त्या गाड्यांची इंजिनं बॉनेट फाडून वर आलेली, बैलाच्या वशिंडावानी. "आपली बी अशीच करायची. पिकअप पाहिजे." म्हणलं, पिकअप म्हंजे? "म्हंजे बुलेटवाला मागं राह्यला पाहिजे." आरं लेका, आपला रस्ता माळेगावचा, कारखान्याचं गाळप चालू, म्होरं उसाची बैलगाडी, मागं उसाची बैलगाडी, तुझा पिकअप काय बैलाच्या पोटाखालनं जाणार?

मग आला जयवंता, गॅरेजवाला. गालात तंबाखू, त्यामुळं निम्मं बोलणं आतच राहतं. "मॅटाडोरचं… टाकू. डिझेल. एवरेज… बघायचं काम न्हाय." त्यावर दादासाहेब, माळेगावच्या कारखान्यातनं रिटायर झाल्यालं, त्यांचं प्रत्येक वाक्य कारखान्याच्या गेटातनंच भाईर पडतं. "कारखान्यात असताना आमी असली इंजिनं पानासारखी लावायचो. सहा सिलिंडरच्या खाली माझ्यासंगं बोलू नगा. ट्रकचं घ्या." झालं, खडू आला, शेडाच्या कोब्यावर इंजिन काढलं, पुसलं, लांब केलं, परत पुसलं. आज टर्बो, उद्या दोन सायलेन्सर, परवा म्हणं रेडिएटर ट्रॅक्टरचा. मी च्या घेऊन उंबऱ्यात हुबी. म्हणलं, समदं ठरलं, पर बसायचं कुणी? "आज्जे, च्यात साखर कमी हाय."

मी काय अडाणी न्हाय. शाळेत गेले न्हाय ही गोष्ट येगळी. अक्षरं शिकले खताच्या पोत्यावरनं आणि इंजिन शिकले हिरीवर, मालक ऊस तोडाया जायाचे आणि पट्टा मी चढवायची. माझं बी इंजिन ठरल्यालं व्हतं. जीपचं जुनं, चार सिलिंडरचं, हाय त्या जागंत मावणारं, म्होरं दोन माणसं, मागं दोन म्हाताऱ्या, हळू जायाचं, वरकुट्याला पोचायचं. मी ह्ये बोलून दावलं. मग यशराज म्हणतो, "आज्जे, त्यात गाडीचा अपमान हुईल." म्हणलं, गाडीला अपमान कळतो, आणि दारात परात घेऊन बसलेल्या बाईला कळत न्हाय व्हय रं? त्यानं मान खाली घातली. मला वाटलं लाजला. त्यो खडूचा तुकडा हुडकत व्हता.

तरी मी वरकुट्याला सांगावा धाडला. हौसंला काय म्हणावं… शेवटी दादासाहेबांचंच, ट्रकचं इंजिन शेडात येऊन पडलं व्हतं, म्हणलं आता कितीसा उशीर? येत्या रईवारी दारात उतरते, तयारीत ऱ्हा.

शुक्कुरवारी बाजारातनं आले तर लिंबाखाली गाडीचं मागचं शीट. आणि त्यावर माझी तांबडी कोंबडी, जणू तिलाच वरकुट्याला जायाचंय. म्हणलं, ह्ये काय? यशराजचं तोंड काळं, नुसतं दात दिसत्यात. "आज्जे, इंजिन मावंना. मग मधला पत्रा कापला. मग गिअरबॉक्स मागं आला. मग डायवरचं शीट मागच्या जागंवर घेतलं." आणि डायवरच्या शेजारी? "तितं बॅटरी आणि टाकी." तुमाला सांगते, मी वाकून आत बघितलं. मोटारीत एक माणूस आणि सहा सिलिंडर. कोंबडी उठवली आणि शीट पुसलं.

रईवारी यशराजनं गाडी काढली. काय त्यो आवाज, भांडी फळीवर नाचाय लागली, सगळी आळी भाईर. दादासाहेबांनी नारळ फोडला, जयवंतानं तंबाखू थुकली, आणि गाडी गेली. दुपारपतुर मी नवं लुगडं नेसून वसरीवर बसले. सोडवंना अंगावरनं.

सोमवारी यष्टी थांबली आणि बनाबाई उतरली. कंडक्टरनं हाताला धरून उतरवलं. एका हातात काठी, दुसऱ्यात पिशवी. म्हणली, "काल दारात पाट मांडून बसले गं, उन्हं डोक्यावरनं गेली. म्हणलं हिला येणं जमंना, आपणच जावं. कुठाय गाडी? हात लावू दे." आणि गाडी कुठं व्हती? यशराज ती कारखान्याच्या गेटावर दाखवाय घेऊन गेल्याला.

तिला धरलं, लिंबाखाली नेलं, शीटावर बसवलं आणि शेजारी बसले. तिनं रेग्झीन चाचपलं. "मऊ हाय गं." मग दाराला म्हणून हात लांब केला तर हाताला लिंबाची साल लागली. "साखरे, दार कुठाय?" म्हणलं, इंजिनासंगट गेलं. वरचं छप्पर? ते बी. चाकं? आक्का, चाकं बी गेली. मग हिकडं ऱ्हायलं काय? म्हणलं, तू आणि मी. तवा ती हसाय लागली, दात न्हाईत तोंडात, हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग कळंना हसतीया का काय करतीया.

थोड्या येळानं पदरानं डोळं पुसलं आणि मला म्हणली, "ऊठ." उठले. "उतरलीस का?" म्हणलं, उतरले. तिनं पिशवीतनं परात काढली, निरांजन काढलं, वात घरनंच भिजवून आणल्याली. मी काडी वढली. तिनं मला ओवाळलं, अंदाजानं, निम्मं मला आणि निम्मं लिंबाला.

तेवढ्यात माळेगावच्या अंगानं धडाडधडाड आवाज आला. बनाबाईनं कान टवकारला. "ह्ये काय येतंय गं?"

म्हणलं, ते व्हय? ते नुसतं इंजिन हाय. त्येला हिंडाय लागतं. तू बस, आपली गाडी कवाच पोचली.